तांदळातली बाटली

माझ्या नाकाबद्दल गावात काय काय बोललं गेलं ते मला सगळं ठाऊक आहे. म्हणून आता मीच सांगते, म्हणजे वेणूला तिखटमीठ लावायची तसदी नको.

मी विठा. जांभूळ गावची धवलारीण. आमच्या आगऱ्यांत लग्न भटजी लावतो म्हणा, पण मांडवाला आणि हळदीला आधी धवलारीण लागते. धवले म्हणजे आमची लग्नाची गाणी. ती मला सासूबाईंनी शिकवली. शिकवताना त्यांनी दोनच गोष्टी बजावल्या. एक, हळदीला देवांना बोलवायचं तसं घरातल्या गेलेल्या माणसांनाही नावं घेऊन बोलवायचं, एकही विसरायचं नाही. दोन, नावाच्या मध्ये दम तोडायचा नाही. नाव मधेच तुटलं की ते माणूस मांडवाच्या दारातच अडकून राहतं. खरं-खोटं त्यांचा देव जाणे! पण चाळीस वर्षांत माझ्या तोंडून एकही नाव तुटलेलं नव्हतं. तोंडाने गायचं आणि नाकाने गुपचूप दम ओढायचा, एवढीच त्यातली मेख. आणि माझं नेमकं तेच नाक बंद पडलं.

सुरुवात शिंकांनी झाली. दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. सकाळी गोधडी बाजूला सारली की लागोपाठ अकरा-बारा शिंका. त्यामागून नाकाला धार. टाळूला आतून अशी खाज सुटायची की वाटायचं, हात घालून खराखरा खाजवावं. डोळे लाल, डोकं जड. दहा वाजले की सगळं आपोआप थांबायचं, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे परत सुरू.

आमचे हे, म्हणजे हिरामण, इथल्याच पाणीपुरवठ्यावर वॉल्व्हमन होते. रिटायर झाले तरी डोकं पाइपातच. ते रोज चहा पिता पिता म्हणायचे, "विठे, तुझा वॉशर गेलाय. बदलायला पायजे."

"आधी तुमचं डोकं बदला," मी म्हणायची. पण ते वाक्यही शिंकेने अर्धवटच राहायचं.

मग गाव लागलं कामाला. ओवा भाजून पुरचुंडी हुंगली. वेखंड उगाळून कपाळाला लावलं. हळदीची धुरी घेतली, गवती चहा प्यायले. वेणू शेजारच्या पाड्यावर राहते, तीही धवले म्हणते. म्हणते आपली, गाते असं मी म्हणणार नाही. ती येऊन सांगून गेली, "सर्दी नाय गो ही, दृष्ट हाय. तुझ्या गळ्याला लागली." आणि जाता जाता म्हणाली, "नसेल जमत तर सांग हां, मी हाय." हिचा जीव माझ्यासाठी किती तुटतो ते मला तेव्हाच कळलं.

शेवटी बदलापूरच्या मेडिकलवाल्याने मला निळ्या झाकणाची बाटली दिली. नाकात दोन-दोन थेंब. काय सांगू! तीन मिनिटांत नाक असं मोकळं झालं की मला स्वतःचंच नाक ओळखू येईना. त्या आठवड्यात मी दोन हळदी गायले. मेडिकलवाल्याला मनातून नारळ दिला.

पुढे काय झालं ते मला कळलंच नाही. आधी थेंब सकाळ-संध्याकाळ घ्यायची. मग दुपारीही लागायला लागले. मग दर तीन तासांनी. थेंबांचा जोर उतरला की नाक पहिल्यापेक्षा घट्ट बंद. सुकट भाजली तरी वास नाही. एकदा भात करपला तर शेजारीण धावत आली, मी चुलीपुढेच बसले होते! पण बाटली कनवटीला असली की मला भीती नव्हती. एक कनवटीला, एक पिशवीत आणि एक तांदळाच्या पिंपात खोल खुपसलेली, अडीअडचणीला. ह्या तिसरीची खबर फक्त मला होती. असं मी समजत होते.

आता सोनिया. सोनिया माझ्या भावाची, जयदेवची मुलगी. जयदेव अंबरनाथला बुवापाड्यात राहतो, टेम्पो चालवतो. त्याची बायको कुमुदिनी गेली तेव्हा सोनिया चार वर्षांची होती. मी तिला कडेवर घेतलं आणि जांभूळला आणलं, ती कायमची. लहानपणी तिला सारखा ताप यायचा. गोळी दिसली की पोरगी दात असे मिटायची की पहार घालून उघडणार नाहीत. मग मी गोळी कुटायची, गुळाच्या खड्यात दाबायची आणि तिच्यापुढे धरायची.

"आत काय हाय गो आत्या?"

"काय नाय. देवाशपथ, नुसता गूळ."

किती वर्षं मी देवाची खोटी शपथ घेतली, त्याचा हिशोब तोच ठेवो. पोरगी जगली, वाढली, आता अंबरनाथला कंपनीत ऑफिसात कामाला जाते. तिचं लग्न बदलापूरच्या कल्पेशशी ठरलं तेव्हा तिने एकच अट घातली. "डीजे लावा, काय लावायचं ते लावा. पण सकाळची हळद आत्याच्या धवल्यावर. आईचं नाव आत्याच घेणार."

दुसरं कोणी घेतलं असतं तरी काय घेतलं असतं? वेणूने कुमुदिनीला कधी पाहिलेलं नव्हतं. मी पाहिलं होतं. माझ्या वहिनीचं ते नाव मला जपून आणायचं होतं.

हळद तीन आठवड्यांवर आली तेव्हा मी ओट्यावर सराव करायला बसले. कनवटीची बाटली नेमकी संपलेली. म्हटलं, एकदा बिनाथेंबांचं गाऊन बघू. देवांची नावं कशीबशी निघाली. मग वहिनीचं नाव आलं, आणि माझ्या तोंडून निघालं, "कुबुदिदी."

आमचे हे हसून हसून खांबाला टेकले. "ही कोण गो कुबुदिदी? परदेशातली पाहुणी?"

मीही हसले असते. पण सोनिया दारात उभी होती आणि ती हसत नव्हती. तिने माझ्याकडे बघितलं आणि आत निघून गेली. त्या क्षणी मला पहिल्यांदा भीती वाटली, खरी भीती. थेंब घेऊन किती दम टिकेल? धवला तास-दीड तास चालतो. मधेच नाक मिटलं तर ह्या पोरीची आई दारातच अडकणार, आणि तिला अडकवणारी मी!

दुसऱ्या दिवशी तिने अर्धी रजा टाकली आणि मला उल्हासनगरला चार नंबर कॅम्पात नाक-कान-घशाच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. हेही मागून आले, म्हणे आधाराला. तिथे बाकावर एक सिंधी म्हातारी बसली होती. माझी शिंक ऐकून तिने लगेच सांगितलं, "दादी, सोते टाइम नाक में घी डालो." म्हटलं, चला, जांभूळ काय नि उल्हासनगर काय, डॉक्टर बाकावरच भेटतात.

डॉक्टरीणबाईंचं नाव जिज्ञासा. तरुण, पण नजर फौजदाराची. कपाळाला दिवा लावून त्यांनी माझ्या नाकात बघितलं.

ह्यांनी विचारलं, "हाड वाकडं हाय का हो डॉक्टर?"

"हाड सरळ आहे."

"मंग बाकीचीच वाकडी असंल." मी ह्यांच्या पायावर पाय दिला.

बाईंनी विचारलं, "मावशी, नाकात काही घालता?"

मी निळी बाटली दाखवली, ऐटीत. "हिच्यावरच तर चाललंय."

"किती दिवस?"

"दीड वर्ष."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "मावशी, हे पाच दिवसांच्या वर घ्यायचे नसतात. हे थेंब नाकातली सूज दाबून ठेवतात. असर गेला की सूज दुपटीने येते. तुम्ही परत थेंब घालता, ती परत येते. आता तुमचं नाक सर्दीने बंद नाहीये. ह्या बाटलीने बंद आहे."

माझं डोकं असं तडकलं! ज्या बाटलीने मला तारलं तिच्यावर आळ? "शिंका कुठून येत होत्या मग? त्या बाटलीच्या आधीपासून हायत."

"ती ॲलर्जी. झोपताना अंगावर काय घेता?"

"गोधडी. सासूबाईंच्या लुगड्यांची."

"शेवटची धुतली कधी?"

मी ह्यांच्याकडे बघितलं, ह्यांनी छताकडे बघितलं. सासूबाईंना जाऊन नऊ वर्षं झाली. बाईंनी समजावलं की जुन्या गाद्या-गोधड्यांच्या धुळीत डोळ्याला न दिसणारे किडे असतात, त्यांच्यामुळे सकाळच्या शिंका. गोधडी दर आठवड्याला कढत पाण्यात धुवा, कडक उन्हात घाला. रात्री एक गोळी. नाकात रोज दोनदा दुसरा फवारा, त्याचा गुण यायला दहा-पंधरा दिवस लागतात, तो लगेच नाक उघडत नाही, म्हणून सोडायचा नाही. आणि निळी बाटली आजपासून बंद. "पहिले आठ-दहा दिवस त्रास होईल. नाक गच्च राहील. तेव्हा हे मिठाच्या पाण्याचे थेंब घाला, कितीही वेळा."

"मिठाचं पाणी? नाकात?" मी उठलेच. "बाय माझे, माझा बाप उरणला मिठागरात राबला. त्याच्या पायाच्या भेगा कधी भरल्या नाहीत त्या मिठाने. आम्ही मीठ पिकवायचं, खायचं, विकायचं. ते नाकात घालायला सांगायला तुमच्याकडे यायला लागत नाय!"

"आत्या, खाली बस," सोनिया म्हणाली. मी बसले. मग बाईंनी मला फवारा मारायला शिकवला. मान खाली, उजव्या हाताने डाव्या नाकपुडीत, डाव्या हाताने उजव्या, आणि तपकिरीसारखा जोराने ओढायचा नाही. हे म्हणाले, "चला, ह्या वयात योगासनं पण झाली."

घरी सोनियाने झडती घेतली. कनवटीची रिकामी बाटली गेली, पिशवीतली भरलेली गेली. "अजून हाय?" तिने विचारलं.

"देवाशपथ नाय," मी म्हटलं. तिने एकदा माझ्याकडे बघितलं आणि दोन्ही बाटल्या कचऱ्यात टाकल्या.

पहिले दोन दिवस माझे मला माहीत. नाकी नऊ येणं म्हणजे काय ते तेव्हा कळलं. तोंड उघडं ठेवून बसायची, घसा लाकूड. घास गिळला की कान बंद. हे सकाळ-संध्याकाळ फवारा घेऊन पुढे उभे राहायचे, वॉल्व्ह सोडायची वेळ पाळावी तसे, मिनिट चुकू द्यायचे नाहीत. गोधडी ह्यांनीच हंड्यात उकळली. इतकं काळं पाणी निघालं की हे म्हणाले, "आई रागावली असणार."

तिसऱ्या दिवशी घरात कोणी नाही बघून मी तांदळात हात घातला. दोन-दोन थेंब. तीन मिनिटांत स्वर्ग! मग रोजचंच झालं. मनात यायचं, आपण पोरीला फसवतोय. मग वाटायचं, तिच्याच हळदीसाठी तर. हळद होऊ दे, मग सोडते.

चार-पाच दिवसांनी एक फरक पडला. थेंब घशात उतरले की कडू लागायचे ते खारट लागायला लागले. आणि तीन मिनिटांचं काम व्हायला वीस मिनिटं लागायची, कधी होतच नव्हतं. मी म्हटलं, पिंपात ठेवून औषध उतरलं असेल. दुपारी खारं बोंबील खाल्लं होतं, त्याची चव असेल. जास्तीचे थेंब घालायचे, दुसरं काय! बाटली तर संपता संपत नव्हती. मला तेही बरंच वाटलं. माणूस सोयीचं असलं की विचारत नाही.

दहा-बारा दिवसांनी नाक हळूहळू मोकळं व्हायला लागलं. सकाळच्या शिंका अकरावरून तीनवर आल्या. सरावात "कुमुदिनी" पुरतं निघालं. हे म्हणाले, "डॉक्टरचा फवारा लागू पडला." मी मनात हसले. म्हटलं, कसला फवारा, ही माझी तांदळातली लक्ष्मी.

हळदीचा दिवस उजाडला. अंगणात मांडव, बायका हिरव्या बांगड्या सारत जात्याभोवती जमलेल्या. हळद दळायला बसायचं आणि मी पहिला धवला उचलायचा. वेणू नटून थटून पहिल्या ओळीत. वर तिने पेन ड्राइव्ह आणलेला! म्हणाली, "माझे धवले भरून आणलेत गो, तुझा गळा बसला तर स्पीकरवर लावू." मी म्हटलं, आधी तुझ्या तोंडाला बटण लाव.

हसत हसत आत गेले, थेंब घ्यायला. बघते तर पिंप जागेवर नाही!

"तांदूळ कुठायत?" मी ओरडले.

हे धावत आले. "आचाऱ्याने नेले. पाहुणे जेवायचेत ना?"

"कोणाला विचारून नेले? माझे तांदूळ!"

"घरातले तांदूळ गो, तुझ्या माहेरचे असल्यागत काय बोलतेस?"

मी मागच्या अंगणात पळाले. आचारी पातेल्याशी उभा. मला बघून म्हणाला, "मावशी, तांदळात औषधाची बाटली निघाली. उंदराचं बिंदराचं असंल म्हणून लांब फेकली. पिंपातले तांदूळ पण बाजूला ठेवलेत, दुसरे शिजवतोय." गटाराच्या पलीकडे कचऱ्यात कुठेतरी. मी तिथे पदर खोचून वाकले. अंगणातून बायकांचा आवाज येत होता, "धवलारीण कुठं गेली? मुहूर्त चालला!" मी कचरा उपसला, बाटली मिळेना. छाती धडधडली की दम लागतो, आणि दम लागला की मला वाटतं नाक मिटलं. मिटलंच असं वाटायला लागलं.

मी पदराचा बोळा तोंडात धरून मोरीच्या भिंतीला टेकले. ह्यांना म्हटलं, "वेणूला सांगा म्हणायला. माझ्याने नाय व्हायचं."

ह्यांनी माझं मनगट धरलं. "काय झालं विठे?"

सोनिया आली, पिवळं नेसून, कपाळाला मुंडावळ्या बांधायच्या अजून बाकी. मागून कोणीतरी ओरडत होतं की नवरीने असं बाहेर फिरू नये. ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली. नाक दाबलं की तोंड उघडतं म्हणतात, तसं माझं उघडलं. सगळं सांगितलं. तिसरी बाटली, खोटी शपथ, रोजचे थेंब. "तुझ्या आईचं नाव त्या बाटलीच्या जोरावर होतं गो. ती गेली. आता मी कुठल्या तोंडाने आत येऊ?"

सोनिया मला रागवेल असं वाटलं. तिने विचारलं, "चव कशी होती?"

"कसली?"

"थेंबांची. शेवटी शेवटी कशी होती चव?"

"खारट," मी म्हटलं.

"आणि उरणच्या मिठागरवाल्याची पोर तू! तुला मीठ कळलं नाय?"

मी ओठ चाटले.

"आत्या, तेरा दिवस झाले. डॉक्टरांनी दिलेलं मीठपाणीच होतं त्यात. संपलं की मीच भरायची. तू पिंपात हात घातलास की तांदळात खड्डा राहायचा, मला चार दिवसांतच कळलं. तुझं नाक तुझं तूच उघडलंस, त्या फवाऱ्याने."

हात उगारला मी. खरं सांगते, हळदीच्या पोरीवर हात उगारला. तेरा दिवस मला येड्यात काढलं! "लाज नाय वाटली आत्याला फसवायला?"

"तू मला किती वर्षं गूळ दिलास?" ती म्हणाली. "मला सगळं माहीत होतं. चावला की कडू लागायचा. तरी मी खाल्ला, तू देतेस म्हणून."

माझा हात तसाच वर राहिला. मग तो तिच्या डोक्यावर आला. मी तोंड मिटलं आणि नाकाने दम ओढला, जोरात, तपकीर ओढावी तसा. दम सरळ आत गेला. आणि त्याच्याबरोबर वास आला. ओल्या हळकुंडांचा, आंब्याच्या डहाळ्यांचा, पलीकडच्या गटाराचा पण. तिच्या केसांना खोबरेल लावलं होतं, त्याचा. चार वर्षांची असताना मी तिला जे तेल लावायची तेच. दीड वर्ष मला पोरीचा वास आला नव्हता आणि आता ती जाणार होती. मी रडले, मोठ्याने. हे घाबरून म्हणाले, "रडू नको गो, नाक भरंल परत!"

बरोबर होतं. मी डोळे पुसले आणि मांडवात गेले. वेणू जात्याजवळ सरसावून बसलेली होती. "ऊठ," मी म्हटलं. ती उठली.

जात्याचा खुंटा धरला आणि पहिला धवला उचलला. गावदेवीला बोलावलं, खंडोबाला बोलावलं, सासऱ्यांना, सासूबाईंना. सासूबाईंना गोधडीची माफी मनातल्या मनात मागितली. मग ती ओळ आली.

"या गो या हळदीला, सोनियाच्या आईबाय, कुमुदिनीबाय..."

नाव तुटलं नाही. मी ते इतकं लांबवलं की पाठीमागच्या बायका पुढची ओळ उचलायला विसरल्या. माझ्यासमोर सोनिया बसली होती आणि ती दाराकडे बघत होती. जयदेव मांडवाच्या खांबाला धरून उभा होता, त्याने तोंड फिरवलं.

धवला संपला तेव्हा ताटात गूळ-खोबरं होतं. रीतीप्रमाणे धवलारणीने नवरीचं तोंड गोड करायचं. मी एक मोठा खडा उचलला आणि सोनियापुढे धरला.

तिने ओठ मिटले. डोळे हसत होते. "आत काय हाय गो आत्या?"

"काय नाय," मी म्हटलं. "देवाशपथ, नुसता गूळ."

तिने तोंड उघडलं.